आयरिस ओरिगो यांची युद्धकाळातली रोजनिशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं ही रोजनिशी मी ओळखीपाळखीत ज्याला-त्याला वाचायला देत आले आहे. पुस्तक परत येतं तेव्हा सोबत प्रश्नही येतात, आणि बहुतेक वेळा तेच ते येतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

ही रोजनिशी कोणाची आणि कुठली?

मार्केझा आयरिस ओरिगो यांची. इटलीतल्या तोस्काना प्रांताच्या दक्षिणेला ओर्चा नदीचं खोरं आहे, त्याला वाल दोर्चा म्हणतात. तिथे ला फोचे नावाची त्यांची मोठी शेतीवाडी होती. ३० जानेवारी १९४३ पासून जुलै १९४४ च्या सुरुवातीपर्यंतच्या या नोंदी आहेत. लेखन इंग्रजीतलं. १९४७ मध्ये लंडनहून 'वॉर इन वाल दोर्चा' या नावानं पुस्तक निघालं.

सुरुवातच सांगते, म्हणजे पुस्तकाचा स्वभाव कळेल. पहिल्या नोंदीत जिनोआहून सात लहान मुलं येतात. त्या शहरावर बाँब पडत होते, म्हणून पोरांना खेड्यात पाठवलेलं. बारा तासांचा प्रवास करून, ठरलेल्या वेळेपेक्षा बराच उशीर करून गाडी रात्री दारात उभी राहते. युद्ध या घरात शिरतं ते असं, दमलेल्या आणि पेंगुळलेल्या पोरांच्या पायांनी. पुढे तुरीनहूनही मुली आल्या आणि आकडा २३ वर गेला.

'मार्केझा' म्हणजे राणी का?

नाही. इटलीच्या सरदारी मानकऱ्यांमध्ये 'मार्केझे' ही पदवी ड्यूकच्या खालची आणि काउंटच्या वरची. त्याची बायको ती मार्केझा. आपल्याकडच्या मोठ्या जहागीरदारांच्या घरातली बाई डोळ्यांसमोर आणा, ते जास्त जवळचं होईल.

नाव तर इंग्रजी वाटतं. मग त्या इटलीत कशा?

त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९०२ चा, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यातला. वडील न्यूयॉर्कच्या श्रीमंत घराण्यातले अमेरिकन, आई अँग्लो-आयरिश उमरावाची मुलगी. वडील १९१० मध्ये क्षयानं गेले. जाण्याआधी त्यांनी एक विलक्षण इच्छा सांगून ठेवली होती: मुलीला अशा देशात वाढवा, जो तिच्या आईचाही नाही आणि बापाचाही नाही, म्हणजे एकाच देशाच्या अभिमानात ती अडकणार नाही. म्हणून मायलेकी फ्लॉरेन्सजवळच्या फिएझोले गावी, व्हिला मेदिचीमध्ये राहायला आल्या.

१९२४ मध्ये आंतोनियो ओरिगो यांच्याशी लग्न झालं. १९४० मध्ये इटली युद्धात उतरली तेव्हा आयरिसबाईंचं माहेर शत्रुपक्षात गेलं आणि अठरा महिन्यांनी अमेरिका उतरल्यावर उरलेलं माहेरही तिकडेच गेलं. डोक्यावरून जाणारं विमान कोणाचं म्हणून घाबरायचं? ते मामाकडचं असू शकतं आणि तरीही ते आपल्याच लेकरांवर बाँब टाकू शकतं. बाई या गोष्टीचं भांडवल करत नाहीत, पण पानापानाखाली ती वाहत असते.

ला फोचे म्हणजे नेमकं काय होतं?

आज तिथल्या सरूंच्या नागमोडी रस्त्याचे फोटो कॅलेंडरांवर असतात, त्यामुळे गैरसमज होतो. नवरा-बायकोनी ही जमीन घेतली तेव्हा ती उजाड चिकणमातीच्या टेकड्यांची होती. पाऊस आला की माती धुपायची आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडायच्या. दोघांनी ओढ्यांना बांध घातले, रस्ते काढले, झाडं लावली, शाळा आणि दवाखाना उघडला. तो प्रसिद्ध रस्ताही त्यांच्याच काळातला. पुढे इस्टेट सुमारे ७,००० एकरांची झाली आणि तिच्यात ५७ शेतं होती. प्रत्येक शेतावर एक कुटुंब राहायचं.

ही शेती अर्धेलीनं चालायची. तिकडे या पद्धतीला मेद्झाद्रिया म्हणतात. घर आणि जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, बी-बियाणं आणि गुरांचा खर्च वाटून आणि पीक निम्मंनिम्मं. मधे हिशेब ठेवायला एक कारभारी, त्याला 'फात्तोरे' म्हणतात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी खोताची किंवा इनामदाराची जमीन कसली आहे, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ च्या 'कृषक दिना'नं कुळं मालक झाली. इटलीत मेद्झाद्रियाचे नवे करार १९६४ च्या कायद्यानं बंद झाले.

इटली तर हिटलरची दोस्त होती. मग तिच्यावर जर्मन 'ताबा' कसा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो समजल्याशिवाय पुस्तक कळत नाही.

२५ जुलै १९४३ ला इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याला सत्तेवरून काढलं. ८ सप्टेंबरला त्याच्या जागी आलेल्या पंतप्रधान बादोल्यो यांच्या सरकारनं दोस्त राष्ट्रांशी युद्धबंदी जाहीर केली. लोक रस्त्यावर नाचले, त्यांना वाटलं की युद्ध संपलं. पण जर्मन फौजा देशात होत्याच. काही दिवसांत उत्तर आणि मध्य इटली त्यांनी ताब्यात घेतली. ग्रान सास्सोच्या डोंगरावर कैदेत असलेल्या मुसोलिनीला त्यांनी १२ सप्टेंबरला सोडवून नेलं आणि उत्तरेत त्याचं बाहुलं सरकार बसवलं. राजा आणि बादोल्यो दक्षिणेला पळून गेले होते. इटालियन सैनिकाला कालचा दोस्त आज पकडून जर्मनीला धाडत होता आणि कालचा शत्रू दक्षिणेकडून मुक्तिदाता म्हणून येत होता.

त्या मुक्तिदात्याची वाट पाहता पाहता पुस्तकाचा मधला भाग संपतो. २२ जानेवारी १९४४ ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य रोमच्या दक्षिणेला, आंझिओच्या किनाऱ्यावर उतरलं तेव्हा वाटलं, आता आठवड्याभरात येतील. रोम सुटलं ते ४ जूनला. या साडेचार महिन्यांच्या नोंदी वाचताना कंटाळा येतो अशी तक्रार एकीनं केली. मला त्याच नोंदी सर्वांत खऱ्या वाटतात. वाट पाहणं तसंच असतं.

घरात कोण कोण होतं?

आयरिसबाई, आंतोनियो आणि त्यांच्या दोन मुली. थोरली बेनेदेत्ता १९४० ची. धाकटी दोनाता जून १९४३ ची, म्हणजे युद्धबंदीच्या वेळी ती तीन महिन्यांची होती. यांच्याआधी एक मुलगा होता, जानी. तो १९३३ मध्ये सात वर्षांचा असताना मेनिंजायटिसनं गेला. रोजनिशीत त्याचा उल्लेख फारसा नाही. पण ज्या बाईनं स्वतःचं मूल गमावलं आहे तिच्या घरी लोकांची २३ मुलं झोपलेली आहेत, हे लक्षात ठेवून वाचलं तर साध्या ओळीही वेगळ्या वाटतात.

शिवाय नोकरमाणसं, शिक्षिका, परिचारिका, कारभाऱ्याचं कुटुंब. कुटुंब या शब्दाची हद्द इथे कुठे संपते ते सांगता येत नाही आणि मला वाटतं, ती ठरवायची बाईंनाही घाई नव्हती.

दाराशी कोण कोण येतं? तेच ते प्रसंग पुन्हापुन्हा का?

कारण घडत तेच होतं. मी या पुस्तकाला मनातल्या मनात 'दाराचं पुस्तक' म्हणते.

आधी मुलं आली. मग शेतावर कामाला ५० ब्रिटिश युद्धकैदी पाठवले गेले आणि कास्तेलुच्चोच्या जुन्या गढीत त्यांची सोय झाली. ८ सप्टेंबरनंतर पहारेकरी गेले आणि कैदी रानात पांगले. त्या वेळी इटलीभर दोस्त राष्ट्रांचे सुमारे ८० हजार युद्धकैदी होते. त्यांतले हजारो छावण्यांतून निसटून डोंगराडोंगरानं दक्षिणेकडे चालत निघाले. ला फोचे नेमकं त्या वाटेवर. त्यांच्या मागोमाग लष्करभरती टाळून पळालेले इटालियन तरुण, रानातले बंडखोर, ज्यांना तिकडे पार्तिझान म्हणतात, लपत फिरणारे ज्यू आणि बाँबहल्ल्यात घर गेलेली कुटुंबं. कुणाला भाकरी हवी, कुणाला बूट, कुणाला नकाशा, कुणाच्या जखमेवर पट्टी. बरेचदा जर्मन अधिकारी पुढच्या दारी आणि पळालेला इंग्रज शिपाई मागच्या दारी.

पळालेल्या कैद्याला आसरा दिला तर देहदंड, असे फतवे भिंतींवर लागले होते. बाई जे करत होत्या त्यात त्यांचा स्वतःचा जीव, नवऱ्याचा जीव आणि २३ परक्या लेकरांची सुरक्षितता पणाला लागलेली होती. प्रत्येक वेळी दार उघडताना हा हिशेब नव्यानं मांडावा लागे. पार्तिझानांना धान्य दिलं तर जर्मन गाव जाळतील, नाही दिलं तर तीच पोरं उपाशी मरतील. शेजारच्या मॉन्तिक्येल्लो गावाजवळ ६ एप्रिल १९४४ ला पार्तिझान आणि मुसोलिनीच्या बाजूचे फॅसिस्ट यांच्यात चकमक झाली आणि नंतर अख्खं गाव सुडाच्या छायेखाली आलं. या भीतीसकट बाई निर्णय घेत राहतात, कधी चुकतात, रात्रभर तळमळतात.

आणि श्रेय कोणाला देतात? कुळांना. आपल्यापाशी पोती तरी होती, या लोकांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी दिली, असं त्यांचं म्हणणं. ही माणसं का देत होती, याचं त्यांना सापडलेलं कारण साधं आहे. बहुतेक घरांतला एक मुलगा कुठेतरी परमुलखात अडकला होता. रशियात, आफ्रिकेत, कैदेत. त्याला तिकडे कुणीतरी असंच जेवू घालत असेल, या आशेनं त्या माऊल्या अनोळखी पोराला घरात घेत होत्या. दाराशी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मृत्युदंडाचा कागद दारावर चिकटवलेला असताना ते पाळणं काय असतं, हे मला या पुस्तकानं दाखवलं.

रोजनिशी लपवली कुठे?

सुरुवातीला लिहिलेले कागद मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत. झडती झालीच तर पाळणाघरापर्यंत शेवटी पोहोचतील, असा अंदाज. धोका वाढला तसे ते कागद पत्र्याच्या डब्यांत घालून, दागदागिन्यांबरोबर बागेत पुरले. काही नोंदी घाईत आणि तुटक आहेत त्याचं कारण हेच. मुलांच्या कालव्यात, रात्री, जमेल तेव्हा लिहिलेलं आहे हे.

घर चालवण्याचे तपशील आहेत का, की सगळं राजकारणच?

भरपूर आहेत आणि मला तेच जास्त आवडतात. जुन्या चादरी फाडून बाळंतविडे शिवले जातात. गालिच्याच्या पट्ट्या कापून चपलांचे तळ होतात. आपल्याच मेंढ्यांची लोकर कातून स्वेटर आणि मोजे. दुकानात काही नसताना पन्नासेक माणसांच्या पायांत आणि अंगात काय घालायचं, हा युद्धातला फार मोठा प्रश्न आहे. रेडिओवर लंडन ऐकायचं ते दार लावून. सकाळी आघाडीची बातमी आणि दुपारी कुणाचा तरी गोवर, दोन्ही एकाच परिच्छेदात. मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी मुलगी पाच महिन्यांची होती. बाकी सगळं विसरले असते, पण तळघरात बाळाच्या दुधाची सोय कशी करायची, ही काळजी विसरणं शक्य नव्हतं.

२२ जून १९४४ ला काय झालं?

जूनमध्ये आघाडी सरकत सरकत थेट खोऱ्यात आली. जर्मनांनी घर व्यापलं, तोफा बसवल्या आणि सगळी माणसं तळघरात गेली. वरून गोळे पडत होते. मोठी माणसं अंधारात गाणी म्हणून आणि गोष्टी सांगून पोरांचं मन रमवत होती. मग हुकूम आला: निघा, लगेच.

सुमारे ६० जणांचा तो तांडा. त्यात निम्म्याहून जास्त लेकरं आणि काही तर अंगावरची. वाहन नाही. मॉन्तेपुल्चानो गावापर्यंत दहा-बारा किलोमीटर पायी. सूचना अशी होती की रस्त्याच्या मधोमध चाला, कारण कडेला सुरुंग पेरले आहेत. आणि अंतर ठेवून चाला, नाहीतर विमानांना सैन्याची तुकडी वाटेल. जूनचं ऊन. प्रत्येक पोराच्या हातात त्याचं त्याचं गाठोडं. विमान आलं की गव्हाच्या शेतात आडवं व्हायचं, गेलं की पुन्हा चालायचं. वाटेत प्रेतं.

डोंगरावरच्या त्या गावाच्या पायथ्याशी सगळी टेकली, तेव्हा तटावरून गावकऱ्यांनी त्यांना पाहिलं आणि ते खाली धावत आले. आमच्याकडे चला, आमच्याकडे चला, म्हणत त्यांनी पोरं खांद्यावर घेतली आणि बोचकी उचलली. त्यांच्यात पार्तिझान होते, गावातले ओळखीचे कारागीर होते आणि दक्षिणेकडून आलेले असे निर्वासितही होते, ज्यांना काही महिन्यांपूर्वी ला फोचेनं मदत केली होती. दीड वर्ष दार उघडत राहिलेली बाई आता दुसऱ्याच्या दाराशी उभी होती आणि तिला हाक मारावी लागली नाही. हे पान मी कितीदा वाचलं असेल. अजून वाचताना मधेच थांबावं लागतं.

जर्मनांबद्दल लिखाण एकतर्फी आहे का?

नाही. जर्मनांच्या हुकमांची, लुटीची, गोळ्या घालण्याची नोंद त्या स्पष्ट करतात. पण दारात आलेला थकलेला, घरच्या आठवणीनं व्याकूळ झालेला विशीतला जर्मन पोरगाही त्यांना दिसतो. उलट सुटका करायला आलेल्या बाजूचंही झाकत नाहीत. फ्रेंच सैन्यातल्या मोरोक्कन तुकड्यांनी दक्षिण तोस्कानात बायकांवर केलेले अत्याचार आणि लूट त्यांनी लिहून ठेवली आहे. १९४७ मध्ये, विजयाच्या भरात, हे छापायला धैर्य लागत होतं.

हवेलीतल्या बाईचं युद्ध ते. गरिबांचं काय?

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुस्तकाचं कौतुक करू नये.

पहिली गोष्ट, ओरिगो दांपत्याला जमीनसुधारणेसाठी मुसोलिनीच्या सरकारचं अर्थसाहाय्य मिळालं होतं. त्या राजवटीला उघड विरोध त्यांनी वर्षानुवर्षं केला नव्हता. दुसरी, कुळांबद्दल लिहिताना बाईंच्या सुरात मायेबरोबर मालकिणीचा सूर आहेच. 'आमची माणसं' म्हणण्यात आपुलकी आहे तशी मालकीही आहे. युद्धानंतर त्याच कुळांनी अर्धेलीविरुद्ध लाल बावटा हाती घेतला, हे ध्यानात ठेवावं. त्या कुळाच्या बायकोनं रोजनिशी लिहिली असती तर ती वेगळी झाली असती. तिच्याकडे कागद नव्हता, वेळ नव्हता आणि बहुधा अक्षरही नव्हतं.

तरीही मी हे पुस्तक लोकांच्या हाती देते. ओळख, इंग्रजी-जर्मन बोलता येणं, अधिकाऱ्यासमोर ताठ उभं राहण्याची सवय, हे सगळं त्या वर्गानं दिलेलं होतं आणि त्या दोन वर्षांत ते सगळं त्यांनी खर्ची घातलं. आपल्या वर्गाचा बचाव त्या कुठे करत नाहीत. उत्तरेत, परदेशात निघून जाणं त्यांना इतरांपेक्षा सोपं होतं. त्या राहिल्या.

मराठी माणसाचा या सगळ्याशी काही संबंध?

आहे, आणि खूप जवळचा आहे. इटलीच्या मोहिमेत ५० हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले आणि ५,७८२ तिथेच राहिले. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन तिथे होत्या आणि त्यांत मराठा पलटणी होत्या. १० जुलै १९४४ ला, म्हणजे ओरिगो कुटुंब ला फोचेला परतून जेमतेम आठवडा झाला असताना, शेजारच्या उंब्रिया प्रांतात तीबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे, वय २२. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले सगळे पडल्यावर ते एकटे शत्रूच्या मोर्च्यावर धावून गेले, हातबाँब टाकला, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्यानं लढले. मोर्चा घेतला आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. पुढच्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ ला, सेन्यो नदीकाठी नामदेव जाधव यांनी तोच सन्मान मिळवला. जुलै २०२३ मध्ये उंब्रियातल्या मॉन्तोने गावात यशवंत घाडगे यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

रोजनिशीत कुळाची बायको दूरदेशी गेलेल्या लेकाची वाट पाहते, तेव्हा मला माणगावची ती माऊलीही दिसते. दोघींचा कधी संबंध आला नाही. एकीच्या अंगणाजवळ दुसरीचा मुलगा पडला.

वाचायला अवघड जाईल का?

इंग्रजी सोपं आहे. गावांची नावं सुरुवातीला अडतात. इटलीचा नकाशा जवळ ठेवा आणि रोम, क्यूझी, मॉन्तेपुल्चानो आणि आम्याता पर्वत एवढं शोधून घ्या. सलग वाचू नका. रोज दोन-चार दिवसांच्या नोंदी वाचल्या तर तो काळ अंगावर येतो.

घरी परतल्यावर काय दिसलं?

घर उभं होतं, पण गोळ्यांनी भगदाडं पडलेली. कपाटं-खण उपसलेले, सामान फुटलेलं, बागेची नासाडी. गुरं गेलेली. शेतात सुरुंग आणि समोर उभं पीक. सुगी थांबणार नव्हती. पुरलेले डबे तेवढे निघाले.

त्यांचं पुढे काय झालं? आज ते ठिकाण पाहता येतं का?

पुढे त्या चरित्रकार म्हणून नावाजल्या. चौदाव्या शतकातल्या प्रातो गावच्या एका व्यापाऱ्याच्या पत्रांवरचं १९५७ चं त्यांचं पुस्तक अजून वाचलं जातं. वाल दोर्चा २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि इंग्रज वास्तुकार सेसिल पिन्सेंट यांनी आखलेली ला फोचेची बाग लोकांना पाहता येते.

बाई २८ जून १९८८ ला ला फोचेलाच गेल्या. बागेपासून थोडं चालत गेलं की झाडीत एक लहान प्रार्थनाघर आणि दफनभूमी आहे. जानी गेला तेव्हा ती बांधून घेतलेली. तिथे आंतोनियो आहेत आणि आयरिसबाईही, मुलाजवळ.